सुविधा मधाळेची गाळलेली आई

सुविधा मधाळे नक्की काय काम करते, हे निपाणीत कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे वडील दीपंकर सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणत, "लोकांनी आपापल्या कंपन्या कशा चालवाव्यात, ते सांगायला जाते." समोरचा विचारी, "मग तिची सोताची कंपनी लई मोठी असंल की." सर विषय बदलत. आई सुलाबाई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं रिटायर झाल्यावरही तिला सगळे 'सिस्टर'च म्हणत. तीही रस्त्यात कुणी खोकलं तर त्याला थांबवून, किती दिवस झाले म्हणून विचारी. लेकीच्या कामाबद्दल कुणी छेडलं तर ती एका वाक्यात संपवी, "एसीत बसती आणि येळंवर जेवत न्हाय."

सुविधानं बेळगावात इंजिनिअरिंग केलं, मग बेंगळुरूत एमबीए. तिथंच ही मोठी सल्लागार फर्म मुलाखती घ्यायला आली. आधीच्या बॅचच्या मुलांनी तिला एकच मंत्र दिला होता : काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' म्हणायचं नाही.

पहिल्या फेरीत विचारलं, बेंगळुरूत केस कापायची दुकानं किती? सुविधानं शहराची लोकसंख्या धरली, बायका वजा केल्या, टकले वजा केले, उरलेल्यांना भागलं आणि एक आकडा ठणकावून सांगितला. खरा आकडा परीक्षकालाही माहीत नव्हता, त्यामुळं तो खूश झाला. दुसऱ्या फेरीत विचारलं, एका विमानात इडल्या किती मावतील? तिनं उलट विचारलं, "विमान रिकामं, की प्रवाशांसकट?" हा प्रश्न त्या माणसाला इतका आवडला, की उत्तर ऐकायचंच राहून गेलं. तिसऱ्या फेरीत एक साबणाची कंपनी बुडत होती आणि खर्च कुठं कापायचा ते सांगायचं होतं. सुविधा म्हणाली, "मधला थर काढून टाकायचा. वर साहेब राहू देत, खाली कामगार राहू देत. मधल्यांवाचून काही अडत नाही." हे उत्तर बरोबर होतं. त्या फर्ममध्ये या प्रश्नाचं दुसरं उत्तरच नसे.

चौथी फेरी फर्मचे पार्टनर बत्रा साहेब यांची. ते प्रश्न विचारत नसत. खुर्चीत मागं रेलून ते फक्त म्हणाले, "तुमची गोष्ट सांगा."

सुविधानं सांगितलं : गाव निपाणी, वडील शिक्षक, आई नर्स, आपण पहिल्यापासून हुशार. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

"त्याच्या आधी?" त्यांनी विचारलं. "घरात कुणी काही... सोसलेलं?"

सुविधाला कळेना. मग ती म्हणाली, "आजी विड्या वळायची."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "विड्या? हातानं?"

"हातानंच वळतात, सर."

त्याच आठवड्यात तिला नोकरीचं पत्र आलं.

काम अवघड नव्हतं, फक्त फार असे. एकदा तिला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पाठवलं. तिथं ती दोन महिने मालकापासून भट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांना भेटली, त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलं आणि त्याच्या रंगीत स्लाइडी केल्या. मालकानं त्या पाहिल्या आणि म्हणाला, "अहो, हे तर मीच तुम्हाला सांगितलेलं." बत्रा साहेब शांतपणे म्हणाले, "सांगितलंत, पण असं चौकटीत नव्हतं सांगितलं." मालकानं विचार केला आणि ते कबूल केलं. मधला थर काढायचा, असं शेवटच्या स्लाइडवर होतं. दोन सुपरवायझर घरी गेले.

या काळात आजीची गोष्टही वाढत होती. बत्रा साहेब कुठल्याही क्लायंटच्या जेवणात सुविधाला पुढं करून म्हणत, "हिची आजी विड्या वळायची. आज ही आपल्याला स्ट्रॅटेजी सांगते." लोक टाळ्या वाजवत. मग फर्मच्या प्रसिद्धी विभागानं तिच्यावर व्हिडिओ करायचं ठरवलं. लिहिणाऱ्या मुलीनं तिला मजकूर दाखवला, त्यात होतं, 'माझी आई विड्या वळायची.'

"आई नाही, आजी," सुविधा म्हणाली. "आई नर्स होती."

"हो, पण व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे," ती मुलगी म्हणाली. "आजी विड्या वळते, मग आई नर्स होते, मग तुम्ही. यात झेप दिसत नाही. पायऱ्या दिसतात. मधली पिढी काढली की गोष्ट सुटसुटीत होते."

सुविधा बत्रा साहेबांकडं गेली. ते म्हणाले, "तपशील थोडा इकडंतिकडं झाला तरी चालतो. दिशा बरोबर आहे ना?" फर्ममध्ये हे वाक्य आकड्यांबद्दल रोज बोललं जाई. त्यामुळं आईबद्दल बोललेलं ते तिला फारसं खटकलं नाही. आणि त्या वर्षी तिची बढती होती.

शूटिंगच्या दिवशी तिच्या ओढणीला माइक लावला होता. 'तिच्या बोटांनी मला शिस्त शिकवली' हे वाक्य बोलताना तो घसरला, म्हणून तिनं गळ्यापाशी हात नेऊन तो धरला. दिग्दर्शकाला वाटलं तिला भरून आलं. त्यानं तेच ठेवलं.

आईला तिनं यातलं काही सांगितलं नाही. व्हिडिओ इंग्रजीत होता, फर्मच्या लोकांसाठी होता. निपाणीत कोण बघणार, असं तिला वाटलं.

नंतर फर्मला एकदम छोट्या शहरांचं प्रेम आलं. बेंगळुरूत जागा महाग झाली होती, हे त्याचं कारण कुणी उघड बोलत नसे. बेळगावच्या कॅम्पात एक जुना बंगला भाड्यानं घेऊन ऑफिस थाटलं आणि इथली भरती करायला सुविधाला पाठवलं. जाहिरातीसाठी तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकला गेला. मुलाखती घ्यायला बेंगळुरूहून नीलम नावाची बाई आली. ती मनानं चांगली होती आणि लगेच हळवी होई.

पहिला उमेदवार नागेंद्र. सुटाबुटात, हातात सोन्याचं कडं. नीलमनं ठरलेलं वाक्य म्हटलं, "तुमची गोष्ट सांगा." नागेंद्रनं खाली पाहिलं, श्वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझी आई विड्या वळायची. तिच्या बोटांनी मला शिस्त शिकवली." आणि त्यानं गळ्यापाशी हात नेऊन टाय धरला.

नीलमचे डोळे भरले. सुविधा मात्र त्याच्याकडं बघतच राहिली. बेळगावातच शहापुरात त्याच्या घरचं सोन्याचं दुकान होतं आणि तिच्या कानातल्या कुड्या तिथल्याच होत्या. नागेंद्रची आई तेव्हा गल्ल्यावर बसली होती.

"आई अजून वळतात का?" सुविधानं विचारलं.

नागेंद्र गडबडला. "हो मॅडम," तो म्हणाला. "पार्ट टाइम."

त्याच्यामागून जवळच्या काकती गावची एक मुलगी आली. तिची आई भाताच्या बांधावर बसून विड्या वळायची. मग कॅम्पातला एका सुभेदाराचा मुलगा आला. त्याची आई वळायचीच, शिवाय वडीलही सुट्टीवर आले की हातभार लावायचे. सगळ्यांना बोटांनी शिस्त शिकवली होती आणि सगळ्यांचा हात त्याच शब्दाला गळ्याशी जात होता. दुपारपर्यंत नीलमचे डोळे कोरडे पडले. संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर एक स्लाइड केली : 'बेळगाव जिल्हा – सर्व माता विडी उद्योगात. मोठी बाजारपेठ.'

"हे काढ," सुविधा म्हणाली.

"का? आपण स्वतः गोळा केलेली माहिती आहे," नीलम म्हणाली.

चौकशी केल्यावर कळलं, सगळी मुलं महादेव सरांच्या क्लासची. क्लास कॅम्पातच, एका बेकरीच्या वर होता. सर पूर्वी विमा विकायचे. सुविधा जिना चढून गेली तर आत तिचाच व्हिडिओ चालू होता. सर मध्येच थांबवून मुलांना दाखवत होते, श्वास कुठं घ्यायचा.

"पोरांनो, उठा! साक्षात मॅडम आल्यात!"

सुविधानं त्यांना बाजूला घेतलं. "सर, ही सगळी मुलं माझ्या आईची गोष्ट सांगतायत."

"व्हय. लई चांगली हाय गोष्ट."

"पण त्यांच्या बाबतीत ती खोटी आहे."

सर अजिबात ओशाळले नाहीत. "मॅडम, आधी पोरं खरंच सांगत हुती. 'आप्पांचं किराणा दुकान हाय, आई घरात असती.' दुसऱ्या कंपन्यांत बी सांगितलं, मोठ्या शहरात जाऊन सांगितलं. एक पोरगं लागलं न्हाय. आता तुमच्या फर्मला काय पायजे, ते तुमीच यूट्यूबवर टाकलाय. आमी निस्तं पाठ करून घेतो."

सुविधानं पर्स खांद्याला लावली. ती निघाली तेव्हा सर मागून जिन्यापर्यंत आले. "एक शंका हुती मॅडम. गळ्यापाशी हात न्यायचा, तो 'बोटांनी' म्हणताना का 'शिस्त' म्हणताना? पोरांच्यात दोन मतं हायत."

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी आली. निपाणीची, बी.कॉम. झालेली, कुठल्याही क्लासला न गेलेली. नीलमनं तिला केस कापायच्या दुकानांचा प्रश्न विचारला. तिनं बरं उत्तर दिलं. कागदावर आकडे मांडले, एक चुकला तो स्वतःच खोडून दुरुस्त केला. मग नीलमनं विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई. विड्या वळते."

नीलमनं पेन खाली ठेवलं. "हे बघ, आम्हाला खरं ऐकायला आवडेल."

"खरंच आहे, मॅडम." प्रियदर्शनीनं हात मांडीवरच ठेवले होते. तिला हात कुठं न्यायचा असतो हे माहीत नव्हतं. तिनं क्षणभर सुविधाकडं पाहिलं. सुविधाला ती ओळखीची होतीच; आपल्या मागच्या गल्लीतल्या गुणाबाईची ही मुलगी. गुणाबाईच्या दारात सूप, तेंदूची पानं आणि तंबाखू कायम असायची. लहानपणी शाळेत जाताना त्या वासानं सुविधाला शिंका येत.

मुलगी बाहेर गेल्यावर नीलम म्हणाली, "चोरलेली गोष्ट, आणि तीही कोरडी सांगितली. निदान त्या नागेंद्रनं जीव ओतला होता."

"मला वाटतं तिची खरी असावी," सुविधा म्हणाली.

"मग नागेंद्रचीही खरी असेल. सगळ्यांचीच असेल. एक तुझी खरी, हे मला माहीत आहे. बाकी कशावरून?"

इथं सुविधाला तोंड उघडता आलं असतं. ती पाणी प्यायली. नीलमनं शेरा लिहिला, 'प्रामाणिकपणा जाणवत नाही', आणि दोघींनी खाली सही केली.

त्याच आठवड्यात निपाणीत गुणाबाई सुलाबाईच्या दारात आली. आत यायला तयार होईना.

"सिस्टर, एक इचारू? राग यिऊ दिऊ नका. तुमी कवा विड्या वळत हुता?"

"मी? कोण म्हणतंय?"

"तुमची सुविधाच म्हणती की." गुणाबाईनं पदराखालून मोबाइल काढला.

सुलाबाईनं चष्मा लावून उंबऱ्यातच तो व्हिडिओ बघितला. तिला इंग्रजी कळत होतं. नोकरीभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेली बाई ती. पडद्यावर विड्या वळणारी बोटं दिसली तेव्हा तिनं विचारलं, "ही बोटं कुणाची?" गुणाबाईला तरी काय माहीत. शेवटी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसलेले दीपंकर सर आतून म्हणाले, "काय झालं?" तेव्हा सुलाबाई म्हणाली, "काय न्हाय. मला कामावरनं काढून टाकलंय."

गुणाबाई दारातच चुळबुळत उभी होती. "सिस्टर, आमची पोरगी खरं सांगून आली, तर ती खोटी ठरली. तुमच्या लेकीला मी काय नाव ठेवत न्हाय. पर पोरगी दोन दिस जेवंना, म्हणून आले."

सकाळी सुलाबाई बेळगावच्या बसला बसली. कर्नाटकात आता बायकांना बस फुकट, त्यामुळं कंडक्टरला तिनं फक्त आधार कार्ड दाखवलं. शेजारच्या बाईनं "कुठं निघालात?" विचारल्यावर ती म्हणाली, "माझी ड्यूटी चुकीची लागलीया, ती बदलून घ्यायला."

बंगल्याच्या फाटकावरच्या वॉचमननं तिला उमेदवाराची आई समजून बाकावर बसवलं. आतून नीलम आली. या सुविधा मॅडमच्या आई, असं कळताच तिनं धावत येऊन सुलाबाईचे दोन्ही हात धरले आणि बोटं उलटीसुलटी करून बघायला लागली.

"काय बघताय? नखं कापल्यात मी," सुलाबाई हिंदीत म्हणाली.

"याच बोटांनी..."

"या बोटांनी सुया टोचल्या, बाळंतपणं केली. विड्या माझी आई वळायची. शालूबाई तिचं नाव. मी स्टाफ नर्स. सरकारी. पेन्शन येतंय."

सुविधा दारात येऊन उभी होती. नीलमनं तिच्याकडं पाहिलं. सुविधा म्हणाली, "खरं आहे. आणि प्रियदर्शनीचंही खरं होतं. खोटं माझं होतं."

नीलमनं सुलाबाईचे हात सोडले. मग ती म्हणाली, "पण सिस्टिममध्ये शेरा बदलता येत नाही."

तिघी आत गेल्या आणि बत्रा साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. ते लॅपटॉपच्या पडद्यावर आले. नीलमनं सगळं सांगितलं. आता साहेब चिडणार, म्हणून सुविधा तयारीत उभी राहिली. साहेब चिडले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तीन पिढ्या आहेत! आधी का नाही सांगितलं? विडी, नर्स, कन्सल्टंट. नवा व्हिडिओ करू. मोठा करू." मग ते सुलाबाईकडं वळले. "मॅडम, तुमच्या आई आज आहेत का?"

"न्हाईत. वारून लई वर्षं झाली."

"मग त्यांचं काम तुम्हीच करा. चेहरा मिळताजुळता असेल. सूप घेऊन थोडं वळून दाखवायचं. नर्सच्या भागासाठी आम्ही एखादी तरुण अभिनेत्री बघतो."

सुलाबाई वाकून पडद्याजवळ गेली, साहेबांचे डोळे तिनं नीट निरखले आणि विचारलं, "साहेब, झोप हुतीया न्हवं तुमची?"

ती तशीच निघाली. सुविधा फाटकापर्यंत मागं गेली. "आई, थांब ना. मी सोडते स्टँडवर."

"नगं. तू आत जा. त्या गुणाबाईच्या पोरीचं आधी बघ. माझं काय, माझ्याकडं सर्व्हिस बुक हाय."

सुविधानं त्याच दिवशी फर्मला मेल लिहिली. माझी गोष्ट चुकीची सांगितली गेली, ती मी चालवून घेतली आणि त्यामुळं एका खऱ्या उमेदवारावर अन्याय झाला. साध्या तीन ओळी होत्या. फर्मनं त्यावर समिती नेमली. समितीनं पुष्कळ बैठका घेतल्या, बाहेरच्या एका दुसऱ्या सल्लागार फर्मचा सल्ला घेतला आणि 'प्रामाणिकपणाची चौकट' नावाचा अहवाल काढला. त्याच्या मुखपृष्ठावर हसणाऱ्या परदेशी माणसांचा फोटो होता. जुना व्हिडिओ यूट्यूबवरून काढून टाकला. यापुढं कुणाला घरचं विचारायचं नाही, असा नियम झाला. बत्रा साहेबांनी या नियमावर दिल्लीत भाषण केलं. सुविधाची पुढची बढती तेवढी राहिली. तिच्या वार्षिक शेऱ्यात आलं, 'स्वतःच्या गोष्टीवर पकड कमी.'

प्रियदर्शनीला परत बोलावलं. या खेपेला तिला विमानातल्या इडल्यांबद्दल विचारलं आणि घरचं काहीच विचारलं नाही. ती लागली. आता ती बंगल्यात सुविधाच्या पलीकडच्या टेबलाला बसते. सुविधाशी बोलते, पण कामापुरतं. गुणाबाईनं मात्र सुलाबाईकडं पेढे आणून दिले, आणि लेकीचं नेमकं काम काय ते विचारलं. सुलाबाई म्हणाली, "येळंवर जेवायला सांग तिला."

सुलाबाई लेकीशी महिनाभर धड बोलली नाही. सुविधा दर रविवारी निपाणीला जायची, आई ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. शेवटी एका रविवारी सुविधा ताट घेऊनच बाहेर आली आणि पायरीवर तिच्या शेजारी बसली.

"आई, तू नर्स कशी झालीस गं?"

"आता इचारतीस व्हय?"

"आता विचारते."

सुलाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "बेळगावला नर्सिंग स्कुलात जागा निघाल्या हुत्या. मास्तरांनी सांगितलं. आईनं त्या दिवशी पानं भिजत टाकली न्हाईत, खाडा केला, आणि मला घिऊन गेली. तिला कन्नड येत नव्हतं. फाटकाबाहेर बसली. आत मेट्रन बाई हुत्या, उंच, लई कडक. त्यांनी इचारलं, रक्त बघून चक्कर येती का? मी म्हटलं, न्हाय. त्या म्हणाल्या, जा."

"एवढंच?"

"एवढंच. चार फेऱ्या न्हाईत न् काय न्हाय. मी भाईर येऊन आईला सांगितलं, तर तिला पटंना. म्हणाली, एवढ्या लांबनं आलो, बसला पैसं घातलं, आणि एकच प्रश्न इचारला? आत जा, आणि नीट इचारून ये."

"मग?"

"मग काय. गेले परत. मेट्रन बाईंनी चष्म्यावरनं बघितलं. मी म्हटलं, आई म्हणती आणखी काय तरी इचारा." सुलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "त्या म्हणाल्या, बरं, सोमवारी किती वाजता येशील?"

सुविधाचा घास हातातच राहिला होता. सुलाबाईनं ताटाकडं बोट दाखवलं.

"जेव की. भाकरी वाळाय लागली."